रूपराव ड्रायव्हरची पांधण

आमच्या पळसखुटीत कोणी चिखलानं माखून, सायकलचं हँडल वाकडं करून, शिव्या देत घरी आला, तर त्याला काय झालं असं कोणी विचारत नसे. ओट्यावर बसलेला माणूस फक्त म्हणे, "रूपराव भेटला वाटते."

रूपराव हिंगणघाटच्या एका जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, ट्रक चालवत. समुद्रपूर, गिरडच्या बाजूच्या खेड्यांतून कापूस भरायचा आणि जिनिंगवर आणून टाकायचा, मधूनच गाठी घेऊन आदिलाबादलाही जायचं. मोकळा कापूस ट्रकात भरला की तो ट्रकाचं माप मानत नाही. फाळक्यांच्या वर बारदानाच्या भिंती उभ्या करा, पायांनी तुडवा, दोर आवळा, तरी तो दोन्ही अंगांनी बाहेर येतोच. असा दिवस भरलेल्या म्हशीसारखा फुगलेला ट्रक घेऊन रूपराव आमच्या गावावरून निघाले, की डांबराचा सगळा रस्ता त्यांचा. डांबराची कड तुटून हातभर उंच झालेली, तिच्या खाली साइडपट्टी म्हणून जे काही होतं त्यात पावसाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात चिखल, आणि त्याच्याही खाली नाली. सायकलवाल्यानं किंवा पायी चालणाऱ्यानं मागून हॉर्न ऐकला की उतरायचं. जो उतरला नाही त्याला कापूस उतरवत असे. लागत कोणाला फारसं नव्हतं, कारण कापूसच तो. पण नाली खरी होती.

कोणी तक्रार केली तर रूपराव शांतपणे समजावून सांगत, "डांबर टॅक्सच्या पैशाचं असते. ट्रकचा टॅक्स आमचा शेठ भरते. तू सायकलचा टॅक्स भरतं का? मंग नालीतून चाल."

१९९७ साली रूपरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, पाठोपाठ साखर निघाली, आणि लायसन पुन्हा होईना. जिनिंगवाल्यांनी शाल-नारळ दिलं, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. घरी बसणं त्यांना जमेना. जिनिंगच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा पिण्याची जन्माची सवय. बस यायची तेव्हा यायची. डॉक्टर म्हणाले होते, पायी चाला नाहीतर सायकल चालवा. पत्नी विमलाबाईंनी सरळ सांगितलं, "सायकल घ्या. दिवसभर माह्या चुलीजवळ बसून काऊन फोडनीले नावं ठेवून राह्यले?"

इथं एक भानगड होती. रूपरावांना सायकल येत नव्हती. गावातली पोरं ज्या वयात दांड्याखालून पाय घालून कैची मारायला शिकतात, त्या वयात हे क्लीनर म्हणून ट्रकावर चढले ते पुन्हा खाली उतरलेच नाहीत. बैलगाडीतून थेट ट्रकात. मधलं काही नाही.

विमलाबाई गेल्या धुरपताबाईंकडे. धुरपताबाई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. गावातल्या ज्या पोरी पाचवीनंतर हिंगणघाटच्या शाळेत जात, त्यांना सायकल शिकवून पाठवण्याचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरगी कधी पडत नसे अशी त्यांची ख्याती. नालीत पडे ती गोष्ट वेगळी.

"रूपरावभाऊजीले शिकवू?" धुरपताबाईंच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की विमलाबाईंना जरा भीतीच वाटली. "शिकवतो ना. उद्या सकाळीच पाठवजो."

शाळेमागच्या मैदानात आपली लेडीज सायकल घेऊन धुरपताबाई उभ्या राहिल्या. कंपाउंडच्या भिंतीवर पोरी ओळीनं बसल्या होत्या, बोलावल्यासारख्या. रूपरावांनी सायकलभोवती एक चक्कर मारली, वाकून दोन्ही टायर दाबून पाहिले आणि नाराजीनं विचारलं, "हिले डंडा नाई?"

"डंडा असता तं तुमची टांग वर गेली असती का?"

टांग गेली नसती. रूपराव मुकाट्यानं बसले. धुरपताबाईंनी मागून कॅरिअर धरलं, थोडं ढकललं, आणि मैदानाच्या उताराकडे तोंड करून हात सोडला.

रूपरावांच्या उजव्या पायाला जन्मभराचं एक वळण होतं. संकट दिसलं की तो जोरात दाबला जाई. ट्रकात त्यानं गाडी थांबत असे. सायकलवर त्यानं ती आणखी पळाली. उताराच्या टोकाला उकिरडा होता. तो जसजसा जवळ येऊ लागला तसतसा रूपराव पाय दाबू लागले, आणि जसजसा पाय दाबू लागले तसतसा उकिरडा जवळ येऊ लागला.

"ब्रेक हातात हाये भाऊजी! हातात!"

"हातात हॉर्न असते!" एवढं ओरडून रूपराव शेणखतात शिरले.

पोरी भिंतीवरून खाली पडायच्या बाकी होत्या. पण एक मानलं पाहिजे, दुसऱ्या दिवशी रूपराव पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही आले. हळूहळू उजव्या पायाची समजूत पटली आणि आठवड्याभरात ते मैदानाला गोल चक्कर मारू लागले. त्या दिवशी धुरपताबाईंनी विचारलं, "भाऊजी, वळखलं का मले?"

"काऊन? तू धुरपताबाई."

"मागच्या दिवाळीच्या आंधी ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन नालीत पडलेली बाई मीच होती."

रूपराव सायकलवरून उतरले. "ते तू होय? मी आरशात पाह्यलं, पांढरं पांढरं उडून राह्यलं होतं. मले वाटलं कापूस सांडला. गाडी थांबवली बी होती मी."

"मंग?"

"कापूस नव्हता. म्हनून गेलो."

धुरपताबाईंनी सायकल ओढून घेतली आणि घरी गेल्या. पण दुसऱ्या दिवशी शिकवायला आल्याच. पुढं अनेक वर्षं ही गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगत, आणि सांगताना प्रत्येक वेळी डबा थोडा मोठा होत जाई.

रूपरावांनी नवी सायकल घेतली. तिला रबरी भोंगा बसवला, पुढं लिंबू-मिरची बांधली, मागच्या मडगाडवर 'धीरे चलो' रंगवून घेतलं आणि जानेवारीतल्या एका सकाळी जिनिंगच्या चहासाठी निघाले. डांबराच्या मधोमध. सवयच तशी.

गाव मागं पडलं आणि मागून हॉर्न वाजला. रूपरावांनी तो ओळखला. त्यांच्याच ट्रकाचा हॉर्न, त्यांनीच नागपुरातून निवडून आणलेला. आता त्या ट्रकावर अंकुश होता. अंकुश म्हणजे त्यांचा जुना क्लीनर, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. रूपरावांना भरून आलं. त्यांनी मागं न बघता एक हात वर केला, पोराला आशीर्वाद द्यावा तसा.

कापूस मऊ असतो हे त्यांना जन्मभर ठाऊक होतं. तो पाठीला लागल्यावर कसा वाटतो हे त्या दिवशी कळलं. सायकल कडेवरून खाली, साइडपट्टीवरून आणखी खाली, आणि रूपराव कमरेएवढ्या नालीत.

ट्रक थांबला. अंकुश धावत आला. वरून वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"उस्ताद! तुमी होय? माफ करा उस्ताद, मले वाटलं कोनी सायकलवाला हाये!"

नालीतल्या रूपरावांनी यावर काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. पण त्या वाक्यानं त्यांना नालीपेक्षा जास्त लागलं एवढं खरं. पोरगा खोटं बोलत नव्हता. अंकुशला त्यांनी जे शिकवलं होतं तेच तो करून राहिला होता. सायकल खांद्यावर टाकून ते गावात पायी आले तेव्हा ओट्यावरच्या माणसानं तोंड उघडलं, आणि समोर रूपरावच आहेत हे बघून तसंच उघडं ठेवलं.

त्याच महिन्यात सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली गेली आणि सरपंचांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. रूपराव उठले.

"सायकलवाल्याइले अन् पायी जानाऱ्याइले येगळा रस्ता पायजे. डांबरावर जीव जाऊन राह्यला."

मग मागून कोणीतरी फुसकन हसलं आणि सगळी सभा फुटली. किराणा दुकानवाले हिरालाल उभे राहिले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण रागावले की हिरालालांच्या बोलण्यात तीन प्रांत एकदम यायचे. "रूपरावजी, मेरा तेलाचा पीपा अभी भी त्याच नालीत आहे! वो पहिले निकालो, फिर रस्ता मांगो!" एक म्हातारे म्हणाले, माही बकरी. एक मास्तर म्हणाले, माझे दहावीचे पेपर.

सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "थांबा. ज्याले ज्याले रूपरावनं नालीत टाकलं, त्यानं त्यानं हात वर करा."

जवळजवळ सगळी सभा हात वर करून बसली. गेल्याच वर्षी बदलून आलेले ग्रामसेवकही त्यात होते. रूपरावांनी सभेकडे एकदा नीट पाहिलं आणि आपलाही हात वर केला. "मी बी परवापासून तुमच्यातलाच हाये," ते म्हणाले. यावर मात्र लोक मनापासून हसले, आणि हसून झाल्यावर ऐकायला लागले.

रस्ता रुंद करणं गावाच्या हातात नव्हतं. बांधकाम खात्याला सांगितलं तर ते कधी होईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा धुरपताबाई म्हणाल्या, "नवा रस्ता कायले पायजे? आपली पांधण हाये ना."

पांधण म्हणजे वावरांच्या मधून जाणारी सरकारी गाडीवाट. डांबर येण्याआधी आमच्या बैलगाड्या त्याच वाटेनं हिंगणघाटच्या बाजारात जात. डांबर आलं, गाड्या डांबरावर गेल्या, आणि पांधण मागं पडली. मग दोन्ही बाजूंच्या वावरांनी तिला खायला सुरुवात केली. चोरी कोणी केली नाही. फक्त दरवर्षी प्रत्येकाचा वखर एक तास, म्हणजे एका ओळीएवढा, वाकडा चालला. बघता बघता पांधणीची पायवाट झाली, पायवाटेवर बाभळी आल्या, आणि कुठंकुठं तर तिथं कपाशीची पऱ्हाटी डोलू लागली.

"पांधण मोकळी करा," रूपराव जोशात म्हणाले. "ज्यानं ज्यानं दाबली त्यानं सोडा!"

"बरं," सरपंच म्हणाले. "सुरुवात कोनापासून? गावाजवळून पयलं वावर तुमचंच हाये."

रूपरावांनी विमलाबाईंकडे पाहिलं. पांधणीवर विमलाबाईंची तूर उभी होती. जन्मभर ट्रकावर असलेल्या माणसाला आपलं वावर कुठं संपतं हे ठाऊक नव्हतं, आणि विमलाबाईंना ते फार चांगलं ठाऊक होतं.

"तूर कापल्याबिगर एक काडी हालू देनार नाई," विमलाबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "मंग घ्या तुमची पांधण."

तूर कापली गेली आणि रूपरावांनी आपला धुरा, म्हणजे वावराचा बांध, मागं घेतला. सगळ्या गावासमोर, डफडं लावून. त्यांना बिनडफड्याचं काही जमत नसे. ते बघून आणखी काहींनी धुरे मागं घेतले. काहींनी लाजेपोटी घेतले. जे लाजले नाहीत त्यांच्या दारात धुरपताबाई शाळेच्या पोरींना घेऊन बसल्या आणि पाणी मागत राहिल्या. एक पोरगी पाणी पिऊन झाली की दुसरी. रांजण रिकामा झाला की घरची बाईच नवऱ्याला म्हणे, "देऊन टाका बावा ते दोन तासं."

उन्हाळ्यात तळ्यातला मुरूम आणून टाकला. बांधकाम खात्यातले एक ओव्हरसिअर सुटीच्या दिवशी येऊन पाणी कुठून काढायचं, नाल्यावर सिमेंटचे पाइप कुठं टाकायचे हे आखून देत. भले माणूस होते, फक्त विमलाबाईंच्या भाकरीवर काम करत. वाटेच्या तोंडाशी दगडी खांब रोवायचं ठरलं. बैलगाडी जावी, दोन सायकली शेजारून जाव्या, पण ट्रक शिरू नये. "ट्रक कोठी घुसत नाई ते मले इचारा," रूपराव म्हणाले आणि ओव्हरसिअरांनी हसून खडू त्यांच्या हातात दिला.

सगळं झालं. राहिले वासुदेवराव.

वासुदेवराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. पांधणीच्या मधोमध त्यांनी संत्र्याची बाग वाढवत आणली होती आणि दोन्ही बाजूंनी काटेरी तार ओढून वाटच बंद केली होती. सरपंच गेले, ग्रामसेवक गेले, धुरपताबाईंनी पोरी नेल्या. वासुदेवरावांनी पोरींना पाणी पाजलं, वरून एकेक संत्रं दिलं आणि तार जागची हलवली नाही. "पांधण होती, हे मी कोठी नाई म्हनतो?" ते म्हणत. "पन आता थ्या जागेवर संत्री हाये. संत्र्याले काय सांगू मी?"

मग एके दिवशी रूपराव एकटेच त्यांच्याकडे गेले.

"पाटील, पांधणीचं उद्घाटन ठेवलं हाये. फीत तुमच्या हातानं कापाची हाये."

वासुदेवरावांना हारतुऱ्याची आवड होती. तरी ते सावध. "अन् माह्या तारेचं काय?"

"तुमच्या तारेले गावातला एक मानूस हात लावनार नाई. माहा शब्द हाये."

"लोक जातीन कोठून मंग?"

"तुमच्या वावरापाशी डांबरावर चढतीन, पुढं पुन्हा उतरतीन. काय करता? इलाज नाई."

वासुदेवराव खूश झाले. उद्घाटनाच्या दिवशी पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचं उपरणं, कपाळाला अष्टगंध लावून ते मारुतीच्या पारावर हजर झाले. फीत मात्र तिथं दिसेना. रूपराव हात जोडून म्हणाले, "पाहुण्यानं आंधी वाट चालून पाहाव, मंग कापाव. नवी रीत हाये." डफडं सुरू झालं. पुढं वासुदेवराव, मागं सरपंच, त्यांच्या मागं सगळं गाव आणि सगळ्यात मागं सायकली घेतलेल्या पोरी. मुरमाची वाट छान झाली होती. वासुदेवराव कौतुक करत चालले होते. इथं लिंबाचं झाड लावा म्हणाले, तिथं बसायला दगड टाका म्हणाले. त्या नादात आपलं वावर कधी आलं ते त्यांना कळलंच नाही.

समोर काटेरी तार होती. तारेला झेंडूचे हार घातले होते आणि मधोमध लाल फीत गुंडाळलेली होती.

डफडं थांबलं. वासुदेवरावांनी तारेकडे पाहिलं, मग रूपरावांकडे. रूपराव पितळी ताट घेऊन पुढं झाले. ताटात हळद, कुंकू, नारळ आणि रुमालाखाली झाकलेलं काहीतरी. वासुदेवरावांनी रुमाल उचलला. कैची नव्हती. पक्कड होती.

त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. "ही तं माह्याच घरची पक्कड हाये."

बायकांच्या घोळक्यातून त्यांच्या पत्नी जिजाबाईंचा आवाज आला, "मंग? दुसऱ्याच्या घरची आनाची होती का? लोक काय म्हनतीन?"

कोणी हसलं नाही. हसण्याची कोणाची छातीच झाली नाही. वासुदेवराव पक्कड धरून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग कसानुसा झाला. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी बघवेना. परत फिरावं तर मागं सगळं गाव, आणि पुढं जावं तर आपलीच तार. शेवटी मागं कुठंतरी एका पोरीच्या सायकलची घंटी वाजली. मग दुसरीची. मग सगळ्यांच्या.

"रूपराव," वासुदेवराव हळूच म्हणाले, "तू ट्रक चालवत होता तवाच बरा होता गा. नालीत टाकलं तरी मानूस निदान लवकर बाहेर निंगे."

"माहा शब्द मी पाळला पाटील. तारेले कोनीच हात लावला नाई."

वासुदेवरावांनी वरची तार तोडली. ताणलेली तार सपकन उडाली आणि त्यांच्या नव्या धोतराचा एक सोगा घेऊन गेली. आता मात्र त्यांनाच हसू आलं. डफडं वाजायला लागलं. दुसरी आणि तिसरी तार त्यांनी कोणी न सांगता तोडली आणि पक्कड सरपंचांच्या हातात देऊन म्हणाले, "बोर्ड पायजे. वासुदेवराव मार्ग. अन् अक्षर लहान नोको."

पलीकडची तार निघाली, वाटेत आलेली संत्र्याची झाडं निघाली आणि बोर्ड लागला. अक्षर लहान नव्हतं. पुढं गंमत अशी झाली की वासुदेवरावांनी त्या वाटेला खरोखरच आपली मानलं. रोज सकाळी काठी घेऊन ते तिच्यावरून फिरत आणि कोणी मोटरसायकल घातली की तिथंच अडवून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत. ज्या माणसानं वाट बंद केली होती त्यानंच ती राखली. पंचायतीला असा राखणदार फुकटात मिळाला नसता.

एक काम मात्र बाकी होतं. पांधण जिथं संपते तिथं नागपूर-हैदराबादचा हमरस्ता ओलांडून पोरींना शाळेत जावं लागे. तिथं दिवसभर ट्रकांची रांग. गतिरोधकासाठी पंचायतीचे अर्ज गेले होते, पण वरून काही येईना. रूपराव म्हणाले, "ट्रकवाला कायले भेते ते मले मालूम हाये." विमलाबाईंनी पोतेरं करायला काढून ठेवलेला खाकी शर्ट त्यांनी मागून घेतला, धुऊन इस्त्री केला, अंगात घातला आणि शाळा भरायच्या व सुटायच्या वेळी हमरस्त्याच्या काठावर बाभळीखाली खाट टाकून बसायला लागले.

ते शिटी वाजवत नसत, हात दाखवत नसत. पोरी आल्या की फक्त खाटेवरून उठून उभे राहत. दुरून खाकी दिसली की ट्रकांचा वेग आपोआप पडे. एकानं तर गाडी बाजूला लावून सगळे कागद आणून दिले. "साहेब, सगळं बराबर हाये." मोतीबिंदूच्या चष्म्यातून रूपरावांनी कागद उलटे धरून पाहिले आणि म्हणाले, "हाव. धीरे चालवत जा." अंकुशनं मग जिनिंगच्या गेटवर सगळ्या ड्रायव्हरांना पक्कं सांगून टाकलं, की पळसखुटीच्या फाट्यावर एक खाकीवाला हाये, लय कडक हाये, कोनाचं ऐकत नाई. गुरूबद्दल तो खोटं बोलत नव्हता.

शेवटी खरे पोलीस आले. जीपमधून साहेब उतरले.

"कोण तुम्ही?"

"ड्रायव्हर, साहेब."

"ही वर्दी कसली?"

"ड्रायव्हरची. ड्रायव्हरनं खाकी घालाची असा नियमच हाये ना?"

"पण आता गाडी चालवता का?"

"नाई जी. रिटायर झालो. तुमी रिटायर झाल्यावर जुने शर्ट फेकून देनार हाये का?"

साहेबांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते, तेव्हा हसत असावेत. "गाड्या थांबवायच्या नाहीत," त्यांनी बजावलं.

"मी कोठी थांबवतो साहेब? मी फक्त उभा राह्यतो. उभं राह्यले मनाई हाये का?"

साहेबांनी त्या जागेची पाहणी करून आपल्या बाजूनंही वर कळवलं. दोन पावसाळे गेले आणि खरोखरच गतिरोधक झाला, पांढरे पट्टेही मारले गेले. तोवर रूपराव उभे राहत राहिले. त्या काळात फाट्यावर एकाही पोरीला खरचटलं नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत, आणि एरवी ते काय बोलून दाखवत नसत?

पुढं गावात मोटरसायकली वाढल्या, सायकली कमी झाल्या. पण पांधण ओस पडली नाही. साखर एकट्या रूपरावांना नव्हती. सकाळी सगळे साखरवाले तिच्यावरून झपाझपा चालत. मधूनमधून शेजारच्या गावांतली माणसं यायची, आमची पांधण कशी सोडवावी विचारायला. रूपराव त्यांना चहा पाजत आणि म्हणत, "आंधी सांगा, तुमचं सोताचं वावर कोठी हाये?" निम्मी माणसं चहा संपवून परत जात.

२००४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. रूपराव जिनिंगच्या गेटवर चहा पीत बसले होते. टपरीवाला म्हणाला, "रूपरावभाऊ, बाजारात वहिनीनं वांगे लय निवडून घेतले आज. भावच पाडला."

"कोनती वहिनी?"

"तुमची. आता तं गेली सायकलवर, पांधणीनं."

रूपरावांचा कप बशीतच राहिला. विमलाबाईंना सायकल येते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते घाईनं निघाले, सगळी पांधण तुडवली, पण त्या कुठं दिसल्या नाहीत. घरी पोचले तर विमलाबाई चुलीपुढं वांगी चिरत बसलेल्या. अंगणात धुरपताबाईंची लेडीज सायकल, चाकांना ताजा मुरूम.

"कधीपासून चालू हाये हे?"

"झाले तीन-चार महिने. धुरपताबाईनं शिकवलं, सायकलबी तिनंच देऊन टाकली. मी एकदाबी उकिरड्यात नाई गेली."

रूपराव पाटावर बसले. मग म्हणाले, "मले सांगतलं बी नाई?"

विमलाबाईंनी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्या. "तुमी ट्रक घेऊन आदिलाबादले जात होते तवा मले सांगून जात होते का?" त्या म्हणाल्या. "हात धुवा. अन् उद्या माह्या सायकलची हवा भरून ठेवजा."